एसक्यूएलअल्केमी २.० कडे कसे जावे: जुना प्रोग्राम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शक

रावेर-यावल पट्ट्यातले केळीचे व्यापारी, जळगावातल्या डाळ मिल आणि जिनिंग यांच्यासाठी लिहिलेले कितीतरी छोटे प्रोग्राम आज पायथनमध्ये चालतात, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रोग्राममध्ये डेटाबेसशी बोलण्याचे काम एसक्यूएलअल्केमी ही मुक्तस्रोत लायब्ररी करते. मायकेल बायर यांनी तिची पहिली आवृत्ती २००६ साली प्रसिद्ध केली. १.४ ही आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली आणि २.० ही २६ जानेवारी २०२३ रोजी. तरीही आपल्या भागात एखादा प्रोग्राम नव्याने हाती घेतला, की आत १.३ किंवा त्याहून जुनी आवृत्ती सापडते. मूळ लिहिणारा पुण्याला निघून गेलेला असतो, मालक म्हणतो, "चाली राहिनं ना भाऊ, मग कसाले हात लावस?", आणि नवा माणूस हात मागे घेतो.

मी हा प्रवास तीन प्रोग्रामसाठी केला. पहिल्यात सपशेल आपटलो, पुढचे दोन विनातक्रार पार पडले. पहिल्या वेळी मी १.३ वरून थेट २.० वर उडी मारली होती. नंतरच्या दोन्ही वेळी १.४ वर मुक्काम केला. हा लेख मुख्यतः त्या मुक्कामाविषयी आहे. ज्या चुका १.४ तोंडाने सांगते, त्यांतल्या काहींवर २.० गप्प बसते, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

लेखात आज्ञांची आणि पद्धतींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना ती इंग्रजी अक्षरांत आणि अंक इंग्रजी आकड्यांत टंकावेत.

सुरू करण्यापूर्वी जवळ काय हवे

- प्रोग्रामची पूर्ण प्रत, शक्यतो गिटमध्ये नोंदलेली, म्हणजे मागे फिरता येईल.
- डेटाबेसचा ताजा बॅकअप, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेला. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.
- प्रयोगासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे स्वतःच्या लायब्ररी असलेली पायथनची स्वतंत्र जागा. चालू प्रोग्रामच्या पायथनमध्ये काहीही बसवू नये.
- प्रोग्रामची रिक्वायर्मेंट्स फाइल, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींची यादी. ती नसेल तर पिप या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाला पिप फ्रीझ ही आज्ञा देऊन यादी काढावी.
- एका पूर्ण दिवसाच्या छापील काटा पावत्यांची चवड. ही सर्वांना विनोदी वाटते. तिचे काम आठव्या पायरीत कळेल.

वेळही जपून निवडावी. केळीच्या व्यापाऱ्याकडे कापणीच्या भरात आणि जिनिंगमध्ये दिवाळीनंतर कापसाची आवक वाढलेली असताना या कामाला हात लावू नये.

पायरी १: आजची आवृत्ती पाहा आणि ती बांधून ठेवा

पिप शो या आज्ञेने आवृत्ती कळते. रिक्वायर्मेंट्स फाइलमध्ये एसक्यूएलअल्केमीच्या नावापुढे क्रमांक नसेल, तर तो आत्ताच लिहावा. क्रमांक नसलेल्या फाइलवरून नव्या संगणकावर प्रोग्राम बसवला, की पिप सर्वांत नवी आवृत्ती आणतो. जानेवारी २०२३ नंतर अनेकांचे प्रोग्राम असेच एका रात्रीत बंद पडले, आणि त्यांनी खापर नव्या आवृत्तीवर फोडले. 'इंजिन ऑब्जेक्टला एक्झिक्यूट हा अॅट्रिब्यूट नाही' असा संदेश दिसला, तर बहुधा हेच घडले आहे असे समजावे.

पायरी २: पायथन आणि शेजारच्या लायब्ररी तपासा

२.० ला पायथन ३.७ किंवा त्यापुढचे लागते. व्यापाऱ्याच्या गादीवरचा संगणक अजून विंडोज ७ वर असेल तरी घाबरण्याचे कारण नाही. त्यावर पायथन ३.८ चालते आणि तेवढे पुरते. प्रोग्राम पायथन २.७ वर असेल, तर मात्र आधी पायथन बदलण्याचे वेगळे काम करावे, दोन्ही एकत्र करू नयेत.

शेजाऱ्यांपैकी दोघे जास्त त्रास देतात. आकड्यांचे तक्ते हाताळणाऱ्या पांडाज या लायब्ररीची १.५ ही आवृत्ती एसक्यूएलअल्केमी २.० सोबत नीट चालत नाही. डेटाबेसमधून अहवाल वाचताना 'ऑप्शनइंजिन' नावाच्या, तुम्ही कधीच न लिहिलेल्या वस्तूबद्दल तक्रार येते आणि माणूस स्वतःच्या प्रोग्राममध्ये ती शोधत बसतो. पांडाज २.० आणि २.१ हे एसक्यूएलअल्केमीच्या १.४ व २.० या दोन्हींसोबत चालतात, म्हणून प्रवासात तेच सोयीचे. पांडाज २.२ ला एसक्यूएलअल्केमी २.० च लागते. फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी (फ्लास्कवरच्या वेब प्रोग्रामसाठीची जोड) वापरत असाल, तर मुक्कामापुरती तिची ३.० मालिका ठेवावी, कारण ३.१ पासून तीही २.० चीच अपेक्षा धरते.

पायरी ३: १.४ च्या शेवटच्या आवृत्तीवर या आणि थांबा

१.४ ही मुद्दाम पुलासारखी बांधलेली आहे. जुन्या पद्धतीने लिहिलेला बहुतेक प्रोग्राम तिच्यावर चालतो आणि २.० च्या पद्धतीने लिहिलेलाही चालतो. त्यामुळे एका वेळी एक फाइल बदलत, मध्ये आठ दिवस दुसरे काम करत, सावकाश जाता येते. १.४ बसवल्यावर प्रोग्राम रोजच्यासारखा दोन-चार दिवस चालू द्यावा.

या मालिकेतल्या १.४.४६ पासून प्रोग्राममधली पहिली जुनी गोष्ट चालताच एक मोठा इशारा एकदाच दिसतो: काही जुन्या गोष्टी सापडल्या आहेत, त्या २.० मध्ये चालणार नाहीत. त्याच संदेशात तो इशारा बंद करण्याची युक्तीही दिलेली असते. माझ्या हाती आलेल्या एका प्रोग्राममध्ये आधीच्या माणसाने नेमकी तेवढीच युक्ती वापरली होती. तुमच्या प्रोग्राममध्ये 'सायलेन्स उबर वॉर्निंग' अशी सेटिंग दिसली, तर ती आधी काढून टाकावी.

पायरी ४: सगळे इशारे उघडा

त्यासाठी 'एसक्यूएलअल्केमी_वॉर्न_२०' या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलची किंमत १ करावी आणि पायथन चालवताना डेप्रिकेशन वॉर्निंग नेहमी दाखवण्याचा पर्याय द्यावा. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) एक खड्डा आहे. सेटची आज्ञा आणि प्रोग्राम चालवण्याची आज्ञा एकाच ओळीत दोन अँपरसँडनी जोडली आणि १ च्या पुढे रिकामी जागा सोडली, तर ती रिकामी जागाही किमतीचा भाग होते. लायब्ररीला '१' मिळत नाही, ती गप्प राहते, आणि आपला प्रोग्राम अगदी स्वच्छ आहे अशी आपली समजूत होते. माझा एक आख्खा शनिवार या रिकाम्या जागेने खाल्ला. सेटची आज्ञा स्वतंत्र ओळीत द्यावी.

प्रोग्राम चालवताना प्रत्येक पडदा उघडावा, प्रत्येक अहवाल काढावा, पावती रद्द करून पाहावी. जो भाग चालला नाही, त्याचा इशारा येत नाही.

पायरी ५: सोपे इशारे आधी संपवा

यादी लांबलचक दिसते, परंतु तिच्यात तेच ते चार-पाच प्रकार असतात.

सिलेक्टमध्ये कॉलमची यादी चौकोनी कंसात दिलेली असते. तो कंस काढून कॉलम सरळ द्यावेत. एसक्यूएलचे वाक्य साध्या स्ट्रिंगमध्ये लिहून थेट चालवलेले असते. ते टेक्स्ट या फंक्शनमध्ये गुंडाळावे, आणि आत टक्का-एस अशा जागा असतील तर त्यांऐवजी विसर्गचिन्हासारखे दोन टिंब व नाव लिहावे. वाक्ये फार आणि वेळ कमी असेल, तर कनेक्शनवरची 'एक्झेक ड्रायव्हर एसक्यूएल' ही पद्धत जुनी स्ट्रिंग आहे तशी पुढे पाठवते. क्वेरीवरच्या गेट ऐवजी सेशनवरचा गेट वापरावा. डिक्लेरेटिव्ह बेस आता ओआरएमच्या (तक्त्यांना क्लासच्या रूपात हाताळणाऱ्या भागाच्या) दालनातून आयात करावा. यांत विचार करण्यासारखे फारसे काही नाही. संध्याकाळी चहा घेत करण्याचे काम आहे.

पायरी ६: कमिटची पायरी, जिथे मी आपटलो

जुन्या पद्धतीत इंजिनवरच (डेटाबेसशी कनेक्शन उघडून देणाऱ्या वस्तूवरच) एक्झिक्यूट म्हणता येत असे, आणि वाक्य इन्सर्ट किंवा अपडेटचे असेल, तर लायब्ररी ते ओळखून स्वतःच कमिट करत असे, म्हणजे तो बदल डेटाबेसमध्ये कायम करत असे. २.० मध्ये इंजिनवरचा एक्झिक्यूट नाही आणि आपोआप होणारा कमिटही नाही. यातली पहिली गोष्ट नसली की प्रोग्राम ओरडतो. दुसरी नसली तर ओरडत नाही.

एका केळी व्यापाऱ्याच्या प्रोग्राममध्ये मी आखाजीच्या सुट्टीत थेट २.० बसवली. 'एक्झिक्यूट नाही' असा संदेश आला, म्हणून जिथे जिथे इंजिनवर एक्झिक्यूट होते, तिथे तिथे कनेक्ट करून कनेक्शन घेतले आणि त्यावर एक्झिक्यूट लिहिले. संदेश गेला. दोन पावत्या छापून पाहिल्या, त्या व्यवस्थित निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाड्या काट्यावर लागल्या. भरलेले वजन, रिकामे वजन, घडांची संख्या, क्विंटलचा भाव, हमाली, सगळे पावतीवर बरोबर छापले जात होते. पावती क्रमांकही एकेक करून वाढत होता. संध्याकाळी दिवाणजींनी दिवसाचा गोषवारा काढला, तर त्यात एकही नोंद नव्हती. टाचणीला ४१ पावत्यांच्या कार्बन प्रती टोचलेल्या होत्या. ते मला फोनवर एवढेच म्हणाले, "पावतीवर नंबर आहे, मग वहीत का नाही?"

त्याचे उत्तर असे आहे. इन्सर्ट होत होता, पण कमिट होत नव्हता. कनेक्शन बंद होताना लायब्ररी डेटाबेसमधला व्यवहार (ट्रान्झॅक्शन) मागे घेत होती, आणि तसे करणे हेच तिचे ठरलेले वर्तन आहे. पावती पडद्यावरच्या माहितीतून छापली जात असल्याने तिला डेटाबेसमधल्या नोंदीची गरज नव्हती. क्रमांक वाढत राहिला, कारण पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमधला अनुक्रम (पुढचा क्रमांक देणारा सीक्वेन्स) एकदा पुढे गेला, की व्यवहार मागे घेतला तरी तो मागे येत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण पद्धतीतही तसेच होते. म्हणजे संशय यावा अशी एकही खूण पडद्यावर नव्हती. त्या रात्री दिवाणजी वाचत गेले आणि मी ४१ पावत्या पुन्हा भरल्या.

हे टाळण्याचा मार्ग सोपा आहे. जिथे लिहिण्याचे काम आहे, तिथे कनेक्ट ऐवजी इंजिनवरचा बिगिन वापरावा. त्याचा ब्लॉक सुरळीत संपला की कमिट होतो आणि मध्ये चूक झाली तर सगळे मागे घेतले जाते. कनेक्टच वापरायचा असेल, तर शेवटी कमिट स्वतः लिहावा. माझा कल बिगिनकडे आहे, कारण कमिट लिहायला माणूस विसरतो. एका पावतीत खरेदीची नोंद आणि शेतकऱ्याच्या खात्यातली जमा अशी दोन वाक्ये असतील, तर दोन्ही एकाच बिगिनमध्ये ठेवावीत. जुन्या पद्धतीत ती वेगवेगळी कमिट होत आणि मध्येच वीज गेली, की एक राहून जाई. जे प्रोग्राम पहिल्यापासून सेशन वापरून शेवटी सेशनचा कमिट करतात, त्यांना या पायरीवर सहसा काही करावे लागत नाही.

सर्वांत जास्त चुटपुट लावणारी गोष्ट नंतर कळली. १.४ वर इशारे उघडून हाच प्रोग्राम चालवला असता, तर प्रत्येक इन्सर्टला तिने सांगितले असते, की हे वाक्य आपोआप कमिट होत आहे आणि ही सोय २.० मध्ये नसेल.

पायरी ७: ओळीतून कॉलम काढण्याची पद्धत बदला

पूर्वी निकालातली ओळ शब्दकोशासारखी वागे आणि चौकोनी कंसात 'वजन' लिहिले की वजन मिळे. आता ओळ ही नावे असलेल्या टपलसारखी आहे. टिंब देऊन नाव लिहावे, किंवा निकालावर मॅपिंग्ज म्हणून शब्दकोशासारख्या ओळी मागाव्यात. चौकोनी कंस राहून गेला तर चूक झाल्याचा संदेश येतो आणि दुरुस्ती लगेच होते.

ओळीत एखादा कॉलम आहे का, हे 'इन' वापरून तपासले असेल, तर ती जागा हाताने शोधावी. पूर्वी ही तपासणी कॉलमच्या नावांत होई, आता ती किमतींत होते. 'हमाली' नावाचा कॉलम असला तरी उत्तर नाही असे येते, प्रोग्राम निमूटपणे पुढे जातो, आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली कापलीच जात नाही. याबद्दलही १.४ इशारा देते.

पायरी ८: १.४ वरच २.० चे वर्तन सुरू करा, मग आवृत्ती बदला

इशारे संपले, की इंजिन तयार करताना आणि सेशन तयार करताना 'फ्यूचर' हा पर्याय ट्रू करावा. यामुळे आवृत्ती १.४ च राहते, परंतु वर्तन २.० चे होते. काही बिनसले तर एक शब्द बदलून मागे येता येते. या स्थितीत पावत्यांची ती चवड घ्यावी, चाचणीच्या डेटाबेसमध्ये पूर्ण दिवस पुन्हा भरावा, आणि प्रोग्राम बंद करून, पुन्हा सुरू करून, मगच गोषवारा काढून पावत्यांची संख्या, एकूण क्विंटल आणि एकूण रक्कम ताडून पाहावी. बंद करून सुरू करणे महत्त्वाचे आहे, कारण उघड्या व्यवहारात आपल्यालाच आपली न कमिट झालेली नोंद दिसू शकते.

आकडे जुळले की २.० बसवावी आणि रिक्वायर्मेंट्स फाइलमध्ये '२.० किंवा पुढची, पण २.१ च्या आतली' अशी मर्यादा लिहावी.

पायरी ९: जे बदलण्याची गरज नाही, त्याला हात लावू नका

पुष्कळ लोक २.० ला घाबरतात, ते सेशनवरची क्वेरी ही पद्धत गेली या समजुतीने. ती गेलेली नाही. तिला जुनी म्हटले आहे, पण ती २.० मध्ये चालते, आणि शेकडो ओळी सिलेक्टमध्ये रूपांतरित करणे ही आवृत्ती बदलण्याची अट नाही. नवीन भाग सिलेक्टने लिहावा, जुना राहू द्यावा. मॅप्ड आणि मॅप्ड कॉलम हे नवे लेखनही ऐच्छिक आहे. मात्र तुमच्या मॉडेलमध्ये आधीपासून साधे टाइप लिहिलेले असतील आणि २.० त्यांवर तक्रार करत असेल, तर बेस क्लासमध्ये 'अलाऊ अनमॅप्ड' ट्रू केल्यास तूर्त मार्ग निघतो.

पायरी १०: इतरांनाही सोबत आणा

आपला प्रोग्राम पुढे गेला तरी आपण ज्यांच्यावर अवलंबून आहोत ते मागे असतील, तर पुन्हा अडते. म्हणून हे कामही मी पायऱ्यांतच धरतो.

मालकाला आवृत्तीचे क्रमांक सांगू नयेत. पांडाजसारख्या इतर लायब्ररी पुढे सरकल्या आहेत, आणि एक गोष्ट जुनी ठेवली, की तिच्यासाठी बाकीच्याही जुन्या ठेवाव्या लागतात, हे त्याला लगेच समजते. त्याच्या ट्रॅक्टरचेही तसेच असते. मागच्या हंगामांच्या हजारो नोंदी एकदम भरायच्या असतील, तर २.० मध्ये ओआरएमकडून अनेक ओळी एकाच वाक्यात घालून त्यांचे क्रमांक परत घेण्याची सोय आहे, हेही सांगावे. पोस्टग्रेसक्यूएल, मारियाडीबी आणि नवे एसक्यूलाइट यांना तिचा फायदा होतो. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी लागणारे रिटर्निंग (घातलेल्या ओळींची माहिती त्याच वाक्यात परत देण्याची सोय) नाही, म्हणून तिथे आश्वासन देऊ नये.

एखादी छोटी लायब्ररी २.० वर अडत असेल, तर तिच्या कर्त्याला 'अपडेट करा' असे लिहून उपयोग होत नाही. दुरुस्ती करून पाठवावी, आणि ती १.४ व २.० या दोन्हींवर चालेल अशीच करावी, २.० च्या पद्धतीचे लेखन १.४ वर चालत असल्याने ते सहसा जमते, आणि कर्त्याला आपले जुने वापरकर्ते तोडावे लागत नाहीत. चूक कळवायची असेल, तर वीस-पंचवीस ओळींत ती चूक दाखवणारा स्वतंत्र नमुना द्यावा. आख्खा खरेदी-विक्रीचा प्रोग्राम कोणी वाचत नाही.

जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांत शिकवणारे ओळखीचे असतील, तर त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या वहीतले पहिले उदाहरण बदलून द्यावे. विद्यार्थी पहिले उदाहरण जसेच्या तसे उचलतो आणि नोकरीतही तेच लिहितो. इंजिनवरचा एक्झिक्यूट आपल्याकडे एवढा टिकला, तो याच वाटेने.

सोबतच्या प्रोग्रामरला पटवताना त्याचाच प्रोग्राम त्याच्यासमोर १.४ वर इशाऱ्यांसह चालवून दाखवावा. भुसावळच्या एका मित्राच्या बाबतीत पडद्यावर १८० ओळी धावत गेल्या आणि त्याने लॅपटॉप मिटायला घेतला. आम्ही त्या ओळी फाइल आणि ओळ क्रमांकाप्रमाणे लावल्या, तेव्हा तेच इशारे पुन्हा पुन्हा आलेले दिसले. वेगळ्या जागा अकरा निघाल्या, त्यांतल्या सात चौकोनी कंसाच्या होत्या. त्याने गाडीची वेळ पाहिली, तासभर शिल्लक होता, आणि पहिला कंस काढायला घेतला.